करडू, त्याच्या आईचं दूध आणि दोन सिंक

धार्मिक ज्यू घरातल्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा डोळ्यात भरतात त्या जोड्या. दोन सिंक, दोन घासण्या, पातेली दोन वेगळ्या कपाटात, चमचे दोन वेगळ्या ड्रॉवरमधे, एक सेट मटण-चिकनचा आणि दुसरा दूध-लोणी-चीजचा, शिवाय पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या आठवड्यासाठी या दोन्हींचे अजून वेगळे सेट कुठेतरी वर बांधून ठेवलेले. मटण खाल्लं की कित्येक जण सहा तास दुधाचा चहासुद्धा घेत नाहीत. आणि हे सगळं उभं आहे तोरामधल्या एका ओळीवर, "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको." मूळ हिब्रूत हे फक्त पाच शब्द आहेत.

पाच शब्दांपासून दोन सिंकपर्यंत लोक पोचले कसे, हे नीट समजून घेतलं तर ज्यू धर्म कसा घडत गेला तेच समजतं, म्हणून मी मुद्दाम हे एकच उदाहरण घेतलंय. तोरा, मिश्ना, तालमूद ही नावं आपण ऐकलेली असतात पण कोण आधी कोण नंतर, कशात काय आहे याचा सगळा गोंधळ असतो, आणि पुस्तकांची यादी पाठ करून तो सुटत नाही. एक नियम धरायचा आणि तो शतकाशतकातून कसा सरकत गेला ते बघायचं.

आता ती ओळ. तोरा म्हणजे बायबलच्या जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं, आणि त्यात हे वाक्य जवळजवळ शब्दशः तीनदा येतं, दोनदा निर्गम या पुस्तकात (23:19 आणि 34:26) आणि एकदा अनुवाद या पुस्तकात (14:21). गंमत संदर्भात आहे. निर्गममधे दोन्ही वेळा ते सणांच्या नियमांच्या शेवटी आलंय, वर्षातून तीन वेळा देवापुढे या, शेतातलं पहिलं पीक देवाच्या घरी आणा, आणि करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका. म्हणजे हा जेवणाचा रोजचा नियम वाटतच नाही, देवाच्या दारी येताना काय करायचं नाही असं काहीतरी वाटतं. अनुवादमधे मात्र तीच ओळ कुठले प्राणी खायचे, कुठले नाही या यादीच्या शेवटी येऊन बसलीय. अभ्यासक अनुवाद पुस्तकाचा गाभा साधारण यहूदाच्या योशिया राजाच्या काळाशी, इ.स.पू. 622 च्या धार्मिक सुधारणेशी जोडतात आणि निर्गममधला कायद्यांचा भाग त्याहून जुना मानतात. ते धरलं तर ही ओळ देवळातून स्वयंपाकघराकडे निघाली ती तोराच्या आतच, पुढचे पंडित यायच्या कितीतरी आधी.

मुळात हा नियम का केला असेल? बाराव्या शतकातला मोठा विद्वान मायमोनिडीस (ज्यू लोक त्याला रामबाम म्हणतात, तो कैरोमधे वैद्य होता) म्हणतो की बहुतेक आजूबाजूचे मूर्तिपूजक त्यांच्या सणाला असं काही करत असतील म्हणून मनाई केली, आणि पुरावा म्हणून तो हेच दाखवतो की ही ओळ सणांच्या नियमांशेजारी आलीय. पुढे 1929 पासून सीरियात उगारित नावाच्या प्राचीन शहराचं उत्खनन झालं, मातीच्या पाट्या सापडल्या, आणि एका पाटीवर "करडू दुधात शिजवा" असं वाचलं गेलं. मग काय, सगळ्यांना वाटलं रामबाम आठशे वर्षांपूर्वी बरोबर बोलला होता, कित्येक पुस्तकांत ते छापूनही आलं. नंतर पाटी परत नीट तपासली तेव्हा ती अक्षरं तशी वाचता येत नाहीत असं बऱ्याच तज्ज्ञांनी दाखवलं आणि तो पुरावा बारगळला. मला स्वतःला फ्रान्समधल्या राशबामचं म्हणणं जास्त पटतं. तोराचा सगळ्यात प्रसिद्ध भाष्यकार राशी, त्याचा हा नातू. तो ही ओळ तोरातल्या अजून दोन नियमांशेजारी ठेवतो, घरट्यातली पिल्लं घेताना आई पक्षिणीला सोडून द्या, आणि गाय-वासरू किंवा शेळी-करडू एकाच दिवशी मारू नका. ज्या दुधाने पिल्लू जगवायचं त्याच दुधात ते शिजवणं हा हावरेपणा आहे असं तो म्हणतो, आणि वाचताना हे लगेच आत पोचतं.

पण कारण काहीही असो, त्या ओळीचा अर्थ "मांस आणि दूध एकत्र खाऊ नका" असा पहिल्यापासून होता का? तर नाही, निदान सगळ्यांसाठी तरी नाही. तोरातल्याच उत्पत्ती या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात आणि तो त्यांच्यापुढे दही, दूध आणि शिजवलेलं वासरू एकाच वेळी ठेवतो! पुढच्या पंडितांना ही जागा चांगलीच अवघड गेली, कोणी म्हणालं दूध आधी दिलं मांस नंतर, कोणी म्हणालं तोरा तेव्हा दिलाच नव्हता. आणि पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात फिलो नावाचा ज्यू तत्त्वज्ञ होता, यरुशलेमचं मंदिर अजून उभं होतं तेव्हाची गोष्ट, तो सरळ लिहितो की कुणाला मांस दुधात शिजवायचंच असेल तर शिजवावं पण हे क्रौर्य करू नये, दुसऱ्या जनावरांचं दूध काय कमी आहे? म्हणजे एक शिकलेला, धर्म पाळणारा ज्यू माणूस ही ओळ फक्त आई आणि पिल्लू एवढ्यापुरतीच वाचत होता.

आता इथे थोडं थांबून मंदिराबद्दल बोलायला हवं कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळचा ज्यू धर्म हा मुख्यतः यरुशलेमच्या मंदिराचा धर्म होता. बळी तिथेच द्यायचे, पुरोहित म्हणजे कोहेन लोक तिथलेच, सणाला तिथे चालत जायचं, पापाची निष्कृतीसुद्धा तिथल्या वेदीवर. पहिलं मंदिर बाबिलोनी लोकांनी इ.स.पू. 586 मधे पाडलं, लोकांना हद्दपार केलं, इराणच्या राजाने परत यायची परवानगी दिल्यावर दुसरं बांधलं गेलं. आणि इ.स. 70 मधे रोमन सैन्याने ते दुसरंही जाळलं. कल्पना करा, ज्या एका जागेवर सगळा धर्म टेकलेला ती जागाच गेली. परंपरेत गोष्ट सांगतात की शहराला वेढा पडलेला असताना योहानान बेन झक्काई या म्हाताऱ्या गुरूला त्याच्या शिष्यांनी शवपेटीत घालून, मेलाय असं सांगून बाहेर काढलं, आणि त्याने रोमन सेनापतीकडे मागून काय घेतलं तर याव्ने हे गाव आणि तिथले विद्वान. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल नसेल, पण पुढे झालं ते तसंच, पुरोहितांची जागा शिकवणाऱ्यांनी म्हणजे रब्बींनी घेतली. मग इ.स. 132 ते 135 मधे रोमन सत्तेविरुद्ध बार कोखबाचं बंड झालं, तेही चिरडलं, यरुशलेममधे ज्यूंना पाऊल ठेवायला बंदी झाली, तेव्हा मंदिर लवकर परत उभं राहील ही आशा पण मावळली.

तालमूदमधे एक वाक्य आहे ते मला फार आवडतं, मंदिर होतं तोवर वेदी माणसाचं पाप धुवायची, आता माणसाचं जेवणाचं टेबल ते करतं. हे नुसतं काव्य म्हणून नाही सांगितलेलं. घरातलं टेबल जर वेदी असेल तर त्यावर काय येतं, कशाशेजारी काय येतं, कुठल्या भांड्यातून येतं याला तेवढाच अर्थ येणार ना. खाण्याचे नियम इतके बारीक का झाले त्याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर इथे आहे.

तर मग मिश्ना. रब्बी लोकांचं म्हणणं असं की मोशेला लेखी तोराबरोबर एक तोंडी तोरासुद्धा मिळाला होता आणि तो गुरूकडून शिष्याकडे आलाय. इ.स. 200 च्या आसपास गॅलिलीमधे येहुदा हनासी याने ही तोंडी परंपरा रचून पक्की केली, तीच मिश्ना, सहा भाग आणि त्रेसष्ट प्रकरणग्रंथ. त्यातल्या हुल्लिन नावाच्या ग्रंथाचा आठवा अध्याय आपल्या विषयावर आहे आणि तो सुरूच होतो असा, कुठलंही मांस दुधात शिजवायला मनाई, मासे आणि टोळ सोडून. हो, टोळ, ते शेतावर येतात ते, काही जातींचे टोळ तोराप्रमाणे खायला चालतात आणि येमेनचे ज्यू ते अगदी अलीकडेपर्यंत खायचे. आता बघा, "करडू" होतं त्याचं "कुठलंही मांस" झालं, आणि "त्याच्या आईचं दूध" होतं त्याचं "दूध" झालं.

कोंबडीचं काय, हा प्रश्न लगेच येतो आणि तिथेच खरी मजा आहे. कोंबडीला दूधच नसतं, मग आईच्या दुधात शिजायची कशी? योसे हगलिली नावाचा रब्बी नेमकं हेच म्हणतो, पक्षी यातून सुटले. अकिवा हा दुसरा रब्बी म्हणतो पक्ष्यांची मनाई तोराची नाहीच, म्हणजे ती माणसांनी घातलेली. त्याआधीच्या पिढीत शम्माई आणि हिल्लेल या दोन घराण्यांचा वाद झालेला, पक्ष्याचं मांस आणि चीज एका टेबलावर ठेवता येईल का यावर. शम्माईवाले नेहमी कडक पण इथे ते म्हणतात ठेवा, खाऊ नका, आणि हिल्लेलवाले म्हणतात ठेवू पण नका. मिश्ना वाचताना मला दर वेळी याचंच अप्रूप वाटतं की हरलेल्याचं मतसुद्धा नावासकट लिहून ठेवलंय, न जाणो पुढच्या एखाद्या पिढीला त्याचा आधार लागला तर.

आणि ही नुसती पुस्तकी चर्चा नव्हती. तालमूद सांगतो की योसे हगलिलीच्या गावात लोक खरंच कोंबडी दुधाबरोबर खायचे. लेवी नावाचा रब्बी एका पक्षी पकडणाऱ्याकडे जेवायला गेला आणि यजमानाने पुढे आणलं मोराचं डोकं, दुधातलं! लेवी खाल्ल्याशिवाय उठला पण यजमानाला बोलला काहीच नाही, नंतर गुरूने विचारलं की अरे बहिष्कार का नाही घातलास, तर म्हणाला, त्या गावचा रब्बी कदाचित योसेच्या मताप्रमाणे शिकवत असेल. म्हणजे काही पिढ्या तरी गावोगाव वेगळं चालू होतं आणि मोठमोठे लोकसुद्धा ते सोडून देत होते. शेवटी कोंबडीवरची मनाईच सगळीकडे टिकली. त्यामागचा विचार कुंपणाचा, मिश्नाच्याच शब्दात "तोराभोवती कुंपण घाला", लोक कोंबडी आणि दूध खायला लागले तर उद्या मटण आणि दूध पण चालतं असं समजतील.

वर मी तालमूद तालमूद म्हणतोय ते काय, तर मिश्नावरची पुढच्या काही शतकांची चर्चा. एक तालमूद गॅलिलीत तयार झाला आणि दुसरा, जो जास्त चालतो, तो बाबिलोनमधे म्हणजे आजच्या इराकमधे, साधारण सहाव्या शतकापर्यंत. छापील आवृत्तीत 2,711 पानं, दोन्ही बाजूंनी, रोज एक पान वाचलं तर साडेसात वर्षं लागतात आणि जगभर हजारो लोक तसं वाचतात. तो कायद्याच्या पुस्तकासारखा नाहीये, एका खोलीत सात-आठ जण चारशे वर्षं वाद घालतायत असं वाटतं. ती ओळ तीनदा का आली याचं उत्तर इथे मिळतं, एकदा शिजवायला मनाई, एकदा खायला, आणि एकदा त्यातून कुठलाही फायदा घ्यायला, म्हणजे चुकून शिजलं तर विकायचं पण नाही. तोरात एकही शब्द फुकट नाही हे एकदा मानलं की असं वाचावंच लागतं. ओंकेलोसचं तोराचं अरमाईक भाषांतर तर याही पुढे जातं, ते त्या ठिकाणी सरळ "मांस दुधाबरोबर खाऊ नका" असंच लिहितं, करडू नाही आई नाही, अर्थच मूळ शब्दांच्या जागी जाऊन बसला.

सहा तास कुठून आले? मार उक्वा नावाचा एक विद्वान म्हणतो, माझ्या वडिलांपुढे मी म्हणजे द्राक्षारसापुढे व्हिनेगर. ते आज मांस खाल्लं तर उद्या याच वेळेपर्यंत चीज खात नसत, मी फक्त त्या जेवणात खात नाही, पुढच्या जेवणात खातो. झालं, एवढ्यावरच. "पुढचं जेवण" म्हणजे किती वेळ? रामबामने धरलं साधारण सहा तास. फ्रान्स-जर्मनीकडच्या काही पंडितांनी म्हटलं की टेबल आवरलं, प्रार्थना म्हटली की पुढचं जेवण सुरू. म्हणून आजही पूर्व युरोपातल्या घराण्यात सहा तास, जर्मन ज्यूंमधे तीन, डच ज्यूंमधे एक तास, आणि लग्न होऊन दुसऱ्या रिवाजाच्या घरात गेलं की घड्याळ पण बदलतं. एका माणसाने वडिलांच्या आठवणीत बोललेल्या एका वाक्यावर अख्ख्या जगातल्या लोकांची घड्याळं लागलीत हे मला प्रत्येक वेळी नव्याने भारी वाटतं.

भांड्यांचं गणित चवीवर आहे. मिश्ना म्हणते की रटरटत्या हंडीत मांसाच्या एका तुकड्यावर दुधाचा थेंब पडला तर त्या तुकड्यात दुधाची चव उतरते का ते बघा. चव कोण बघणार, ज्यू माणसाला तर ते तोंडात घालता येत नाही, मग तालमूद म्हणतो ज्यू नसलेल्या आचाऱ्याला चाखायला द्या. ते नेहमी जमायचं नाही म्हणून हिशोब ठरला, चुकून पडलेली गोष्ट बाकीच्याच्या एक साठांशाहून कमी असेल तर ती विरून गेली समजायची. पण भांडं? गरम भांडं चव पिऊन घेतं आणि पुढच्या वेळी सोडतं असा सिद्धांत आहे, आणि आपल्याला हे समजवायला नको, ज्या मातीच्या भांड्यात वर्षभर बांगड्याचं कालवण केलं त्यात कोणी बासुंदी आटवेल का. तोरामधेच आहे की बळीचं मांस शिजवलेलं मातीचं भांडं फोडून टाका आणि पितळेचं असेल तर घासून धुवा. म्हणून धातूचं भांडं उकळून शुद्ध करता येतं, मातीचं नाही, आणि काचेवरून आजपर्यंत वेगवेगळे रिवाज आहेत. तरी पण दूध आणि मांसासाठी घरात दोन पूर्ण सेट ठेवा असं तालमूद कुठेही म्हणत नाही. तो रिवाज मध्ययुगात युरोपात हळूहळू घट्ट झालेला दिसतो. सोळाव्या शतकात क्राकोवचा रब्बी मोशे इस्सर्लेस लिहितो की सगळ्या इस्राएलात दोन सुऱ्या ठेवायची पद्धत पडलीय आणि दुधाच्या सुरीवर खूण करतात. सुरी झाली, मग ताटं, मग कपाटं, आणि घरात नळ आल्यावर सिंक.

याच इस्सर्लेसचं नाव अजून एका गोष्टीसाठी घ्यायला हवं. स्पेनमधून 1492 मधे ज्यूंना हाकललं त्यातल्या एका कुटुंबातला योसेफ कारो पुढे गॅलिलीतल्या त्सफात गावी राहिला आणि त्याने सगळे नियम एका जागी आणणारं पुस्तक लिहिलं, शुल्हान आरुख, म्हणजे मांडून ठेवलेलं टेबल, 1565 मधे व्हेनिसला छापलं गेलं. त्यात रिवाज दक्षिणेकडचे, सेफार्दी. मग इस्सर्लेसने उत्तरेकडच्या अश्कनाझी रिवाजांच्या टिपा त्यावर जोडल्या आणि त्याला नाव दिलं टेबलावरची चादर. तेव्हापासून ते दोघं एकाच पानावर छापले जातात, एकमेकांशी न पटणारे, आणि कोणाला ते खटकत नाही. कारोने दुसऱ्या एका पुस्तकात मासे दुधाबरोबर खाणं तब्येतीला धोक्याचं असं लिहिलं, त्यावर इस्सर्लेस म्हणाला असं कोणी पाळताना मी पाहिलेलं नाही, इथे त्याचा घोटाळा झालाय. पण बऱ्याच सेफार्दी घरांत आजही मासे आणि दूध एकत्र करत नाहीत.

आणि त्याच टिपांमधे बदामाचं दूध येतं. बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर नियम मोडत नाही, पण बघणाऱ्याला ते पांढरं दूध दिसणार आणि त्याचा गैरसमज होणार, म्हणून इस्सर्लेस म्हणतो, शेजारी थोडे बदाम ठेवा.

हे वाचलं तेव्हा मला थेट आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवले, कारण त्यांच्या मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, रोश हशाना म्हणजे नव्या वर्षाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही खाता येतो. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावावरून आडनावं असलेली ही माणसं, त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. त्यांच्याकडे आठव्या दिवसाची सुंता होती, शब्बाथ होता, "शेमा इस्राएल" ही प्रार्थना होती, पण तालमूद नव्हता आणि हनुक्का हा सण माहीत नव्हता. कितीतरी पिढ्यांनंतर दाविद रहाबी नावाचा गुरू आला आणि त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली, तर त्यांनी खवले आणि पर असलेले मासे बाजूला काढून बाकीचे नाकारले, हाच तोराचा नियम, आणि त्याची खात्री पटली. तो नक्की कधी आला यावर वेगवेगळी मतं आहेत. पण गोष्टीत परीक्षा पुस्तकाची नाही झाली, टोपलीची झाली, हे बघण्यासारखं आहे. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं ते 1796 मधे, तोपर्यंत या लोकांचा धर्म मुख्यतः घरात आणि चुलीशी राहिला होता.

सगळ्यांनी रब्बींचं ऐकलं असं पण नाही. करायती नावाचा पंथ आठव्या-नवव्या शतकापासून तोंडी तोरा मानतच नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कोंबडी आणि दूध एकत्र चालतं. अमेरिकेत सुधारणावादी रब्बींनी 1885 मधे पिट्सबर्गला जाहीर केलं की खाण्याचे जुने नियम आता आपल्याला बांधत नाहीत. आणि 2023 मधे इस्राएलच्या मुख्य रब्बीपुढे प्रश्न आला प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा. त्याचं उत्तर असं की हे ना मांस ना दूध, दोन्हींबरोबर चालेल, पण ते मांस म्हणूनच विकलं जात असेल तर दुधाबरोबर खाऊ नका, कारण बघणाऱ्याला मांसच दिसणार. पेशी आणि प्रयोगशाळा सगळं नवीन, आणि उत्तर तेच, शेजारी ठेवलेल्या बदामांचं.